स्थिर कागदावरची हालचाल

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचं १९६१ चं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ जरूर बघा. नुसते काळे-पांढरे चौकोन. उंची सगळ्यांची सारखीच, पण उजवीकडे जाताना रुंदी कमी होत जाते. मध्याच्या जरा पुढे ते अगदी चिंचोळे होतात, मग पुन्हा रुंदावतात. बस, एवढंच! तरी सपाट चित्र तिथे आत दुमडल्यासारखं वाटतं.

‘फॉल’ (१९६३) मधल्या वक्र रेघा तर चक्क लाटांसारख्या हलतात. कारण एका ठिकाणी टक लावून पाहतानाही आपल्या डोळ्यांची बारीक थरथर चालूच असते. एरवी ती जाणवत नाही. पण इतक्या दाट रेघांवर नजर किंचित सरकली, तरी काळ्याच्या जागी पांढरं येतं आणि आधीच्या रेघांची छाप नव्यांवर चढते. यात डोळ्यांचा वाटा किती, मेंदूचा किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

अशा दृष्टिभ्रमाच्या कलेत मला स्क्रीनप्रिंट फार आवडतात. शाईची कडा धारदार येते आणि परिणाम तिथेच ठरतो. रायलींनी १९६५ मध्ये ‘फ्रॅगमेंट्स’ ही मालिका प्लेक्सिग्लासवर छापली.

मायग्रेन असेल तर मात्र फार वेळ बघू नका.