मंजुरी मागाहून, मुदत अगोदर

मुंबई प्रदेशाच्या १९९६ ते २०११ या मुदतीच्या योजनेस सरकारची मंजुरी मिळाली ती १९९९ साली. २०१६ ते २०३६ च्या योजनेस २०२१ साली. म्हणजे पहिलीची तीन व दुसरीची पाच वर्षे मंजुरीपूर्वीच सरली! यास दूरदृष्टी म्हणावे काय? दिवाळीचा माल दिवाळी उलटल्यावर कोणता व्यापारी भरतो? आंबिवलीकरांस तरी हे निराळे सांगणे नलगे. २००९ साली मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना बंद पडला, आणि कामगारांबरोबर त्यांच्या पगारावर चालणारी दुकानेही अडचणीत आली. अशा दिवसाची तजवीज आगाऊ करणे, हेच नियोजनाचे खरे काम होय. यास्तव सरकारास आमची सूचना इतकीच की, नवी योजना जुनीची मुदत संपण्यापूर्वीच मंजूर व्हावी, व दर पाच वर्षांनी तिचा हिशेब लोकांपुढे मांडला जावा.