जुना संगणक व नवे ग्राफिक्स कार्ड : दोष शोधण्याची पद्धती

शाळेतील जुन्या संगणकास नवा प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच जोडता यावा, म्हणून त्यात ग्राफिक्स कार्ड बसविण्यात येते. कार्ड बसवून कळ दाबली की पंखा फिरतो, दिवा लागतो. परंतु पडदा मात्र काळाच राहतो. अशा वेळी कार्डच नादुरुस्त आहे असा निष्कर्ष काढून ते परत पाठविण्याची घाई होते. वस्तुतः कार्ड व यंत्र ही दोन्ही पुष्कळदा निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांच्या जुळणीत. तो क्रमाने शोधल्यास शाळेचा पैसा व वेळ वाचतो.

प्रथम सुरक्षिततेचा विचार करावा. पेटी उघडण्यापूर्वी संगणक बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी व पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. त्यायोगे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात घातक दाब काही काळ टिकून राहतो.

दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक वेळी फळ काय आले ते वहीत टिपावे. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही.

आरंभापासूनच पडदा काळा असेल, तर मॉनिटरची केबल पाहावी. ती मदरबोर्डवरील जुन्या जोडणीत राहिली असल्यास काढून कार्डाच्या जोडणीत लावावी. अनेक नव्या कार्डांवर व्हीजीए जोडणी नसते. जुना मॉनिटर केवळ व्हीजीएचा असल्यास एचडीएमआयचे व्हीजीएमध्ये रूपांतर करणारे साधन लागते. नुसती साधी केबल चालत नाही.

यानंतर कार्ड काढून पुन्हा सरळ दाबून बसवावे. खाचेच्या टोकाची खिटी आपोआप बसली पाहिजे. पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या आवृत्तीचे कार्ड जुन्या आवृत्तीच्या खाचेत सामान्यतः चालते, फक्त त्याचा वेग कमी होऊ शकतो.

तिसरी बाब विजेची. या खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागत असल्यास पॉवर सप्लायकडून वेगळी वायर जोडावी लागते; ६ पिनांची वायर ७५ वॅट व ८ पिनांची १५० वॅटपर्यंत पुरविते. कचेरीतून आलेल्या अनेक जुन्या संगणकांचा पॉवर सप्लाय २४० ते ३०० वॅटचा असतो व त्यात अशी वायर बहुधा नसते. सबब ३० वॅटच्या आसपास वीज घेणारे, स्वतंत्र वायर न लागणारे लहान कार्ड शाळेस पुरेसे होय. चित्रफीत चालू असता संगणक अचानक बंद पडत असेल, तर विजेची तूट अथवा उष्णता यांचा संशय घ्यावा.

एवढे करूनही चित्र न आल्यास कार्ड काढून जुन्या जोडणीवर संगणक सुरू करावा. तो चालला, तर मूळ यंत्र शाबूत आहे हे सिद्ध झाले. मग बायोसमध्ये प्रथम दर्शक म्हणून पीसीआय एक्स्प्रेस निवडावे, संगणक बंद करून कार्ड पुन्हा बसवावे. काही नवी कार्डे जुन्या बायोसला ओळखू येत नाहीत. अशा वेळी निर्मात्याने दिलेला नवा बायोस भरावा लागतो. हे काम यूपीएसवाचून करू नये. मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो.

आरंभी चित्र दिसून विंडोज सुरू होताच पडदा काळा होत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा समजावा. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा व कार्डनिर्मात्याचा योग्य ड्रायव्हर घालावा. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यास्तव जुन्या प्रणालीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

शेवटी तेच कार्ड दुसऱ्या चालू संगणकात लावून पाहावे. तेथेही ते चालले नाही, तरच ते सदोष ठरवून मुदतीत विक्रेत्याकडे परत करावे व सोबत वहीतील टिपण जोडावे.