हुकूम सुटला, बस सुटली नाही

रविवार, २८ ऑगस्ट २००५. सकाळी साडेनऊच्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांनी शहर रिकामं करण्याचा सक्तीचा आदेश काढला. कतरिना चक्रीवादळ धडकायला तेव्हा चोवीस तासही उरले नव्हते. आदल्या दुपारपासून महामार्गांच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्या वाहनांना मोकळ्या होत्या आणि परिसरातली दहा लाखांहून अधिक माणसं आपापल्या गाड्यांनी निघून गेली. नियोजन म्हणून हे यशच. मात्र ते गाडीवाल्यांपुरतं होतं.

शहरातल्या दर चार घरांपैकी किमान एका घरात गाडीच नव्हती. त्यात महिनाअखेर. पेन्शन किंवा सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचे धनादेश यायचे पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. तिकीट काढायला, परगावी खोली घ्यायला पैसे आणायचे कुठून?

प्रशासनाला याची कल्पना नव्हती असं म्हणायला जागा नाही. शहराच्याच आपत्कालीन आराखड्यात सुमारे १ लाख रहिवाशांकडे वाहन नसल्याची नोंद होती. जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ नावाचं काल्पनिक वादळ धरून सरकारी यंत्रणांनी तालीमही केली. तीत ६० हजारांहून अधिक मृत्यूंचा अंदाज निघाला. तरीही बस कुणाच्या, चालक कोण, माणसं उतरवायची कुठं, हे पक्कं ठरलंच नाही.

त्या रविवारी शहर बससेवेच्या गाड्या धावल्या, पण शहरातल्या शहरात. ठरावीक थांब्यांवरून माणसं उचलून त्यांनी ती सुपरडोम या स्टेडियममध्ये नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी वादळ धडकलं, पूर रोखणारे तटबंध फुटले, जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. आगारात रांगेनं उभ्या असलेल्या, खिडक्यांपर्यंत बुडालेल्या पिवळ्या स्कूलबसची छायाचित्रं जगभर छापली गेली.

‘लोक स्वतःच मागे राहिले’ असं तेव्हा बरंच बोललं गेलं. हे खरं तर क्रूर बोलणं होतं. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानातल्या मृतांपैकी जवळपास निम्मे ७५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. ‘निघा’ म्हणणाऱ्या सरकारनं त्यांच्या दारापर्यंत यायला हवं होतं.

सरकार हे करू शकतं, याचा पुरावा तीनच वर्षांत मिळाला. २००८ मध्ये गुस्ताव वादळ येण्याआधी याच शहरानं सुमारे १८ हजार रहिवाशांना बस आणि रेल्वेनं बाहेर नेलं. पुढे १७ ठिकाणी बस पकडण्याचे थांबे ठरले. हात उंचावलेल्या माणसाचे धातूचे उंच पुतळे तिथं खुणेसाठी उभे केले.

पण या व्यवस्थेला सुमारे ७२ तास लागतात. २०२१ मध्ये आयडा वादळ इतकं झपाट्यानं बळावलं की तटबंधांच्या आतल्या वस्तीला सक्तीचा आदेश देता आला नाही. या वेळी तटबंध टिकले, पण वीज गेली आणि त्यानंतरच्या उकाड्यात वृद्धांचे जीव गेले. म्हणूनच केवळ बसची हमी अपुरी आहे. ७२ तास मिळणार नाहीत हे धरून, १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी एकट्या वृद्धांची यादी, त्यांच्या इमारतींसाठी जनरेटर आणि थंड निवारे तयार ठेवणं हेही महापालिकेचंच काम आहे.