तिजोरीवाले गोदरेज आणि विक्रोळीची जमीन

आज सुरुवात आपल्या घरातूनच करू. घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, जुन्या मराठी घरात लोखंडी कपाटाला नुसतं कपाट कोणी म्हणत नसे. ‘गोदरेजचं कपाट’ म्हणत, मग ते कुणीही बनवलेलं असो. ते कपाट करणाऱ्या घराण्याने आपल्या उपनगरात एवढी जमीन कशी मिळवली आणि तिचं काय केलं, हा आजचा विषय.

आधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात लोखंड गाळणारे कारखानदार होते. भट्टीला कोळसा लागे, तो लाकडाचा, आणि एक भट्टी दिवसाला साधारण एकरभर जंगल खाऊन टाकी. म्हणून लोखंडवाला हा आपोआप हजारो एकरांचा जमीनदार व्हायचा. त्यातून जमिनीचा सट्टा सुरू झाला. त्या काळातला फिलाडेल्फियाचा रॉबर्ट मॉरिस बघा. स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा करून देणारा मोठा व्यापारी, पण उधारीवर जमिनी घेत सुटला आणि 1798 मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला.

आता आपल्याकडे या. अर्देशीर गोदरेज, जन्म 1868 चा. शिकले वकिली, पण ती सोडून दिली. मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला होता, पण त्यावर ‘भारतात बनवलेले’ असा शिक्का नको, असं घेणारा म्हणाला. अर्देशीर म्हणाले, शिक्का राहणार. धंदा तिथेच संपला. पुढे 1897 मध्ये लालबागला एका शेडमध्ये कुलपं सुरू केली. कुलपातली स्प्रिंग झिजते, तुटते, म्हणून त्यांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप काढलं. 1902 मध्ये तिजोरी आली, 1923 मध्ये पोलादी कपाट. तिजोरीचं गणित असं, की नुसतं लोखंड आगीला पुरत नाही. लोखंड तापतं आणि आतला कागद जळतो. म्हणून दुहेरी भिंत करायची, मध्ये उष्णता अडवणारा मसाला भरायचा आणि सांधे कमीत कमी ठेवायचे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं वाचली, असं कंपनीचा इतिहास सांगतो.

अर्देशीर शोधक वृत्तीचे. धंदा वाढवला तो धाकट्या भावाने, पिरोजशांनी. 1936 मध्ये अर्देशीर गेले. लालबागची जागा वाढत्या कारखान्याला अपुरी होती. 1943 मध्ये पिरोजशांनी विक्रोळीची जमीन सार्वजनिक लिलावात घेतली. ही जमीन मुळात पवईच्या मोठ्या इस्टेटीतली. 1830 च्या दशकात सरकारने ती फ्रामजी कावसजी बनाजी यांना दिली होती.

तेव्हाची विक्रोळी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मध्ये दलदल, गवत आणि तिवरं. तिथे कारखाना उभा राहिला, कामगारांसाठी वसाहत, शाळा, दवाखाना झाला. आणि 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा 12 लाखांहून अधिक मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. म्हणजे प्रजासत्ताकाचं पहिलं मत ज्या लोखंडी डब्यांत पडलं, त्यातले कितीतरी आपल्या शेजारी घडले होते.

आता खरा प्रश्न. पिरोजशा सट्टेबाज होते का? सट्टेबाज घेतो ते विकण्यासाठी. यांनी घेतली आणि धरून ठेवली. 2024 मध्ये घराण्याची वाटणी झाली, तेव्हाही सुमारे 3400 एकर जमीन मुंबईत, मुख्यतः विक्रोळीत होती. त्यातली जवळपास निम्मी तिवरांची. भरतीचं पाणी ही झाडं अडवतात, मुळांत गाळ धरून ठेवतात, माशांची पिल्लं तिथेच वाढतात. ही जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली असती, तर खाडीकाठचा हा पट्टा कदाचित आज उरला नसता.

पण दुसरी बाजूही ऐका. त्या जमिनीची किंमत एकट्या मालकाने वाढवलेली नाही. रेल्वे, पूर्व द्रुतगती महामार्ग, पाणी, आणि आसपास राहायला आलेले आपण लाखो लोक, या सगळ्यांनी मिळून ती वाढली. या जमिनीच्या हक्कावरून राज्य सरकार आणि कंपनी यांचा दावा 1973 पासूनचा. बुलेट ट्रेनसाठी त्यातले साधारण 10 एकर सरकारने घेतले, 264 कोटींची भरपाई ठरवली, कंपनी कोर्टात गेली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. खाजगी मालकी आणि सार्वजनिक गरज यांची ओढाताण आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

मला वाटतं, माणूस जमीन किती घेतो यापेक्षा, ती हातात असताना तिच्यावर काय उभं करतो आणि काय तसंच राहू देतो, यावर त्याला जोखावं. पिरोजशांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी दिसतात: कारखाना आणि तिवरं. पुढच्या पिढ्यांनाही हाच निकष लावायचा आणि लावताना डोळे उघडे ठेवायचे.

उद्या लोकलने विक्रोळी ओलांडताना पूर्वेकडे जरूर बघा. आता प्रश्न विचारा, आपण बोलू.