पेन्शनचा पैसा कुठे साठतो?

देवनारचे कितीतरी लोक कारखान्यात, नाहीतर ठेकेदाराकडे कामाला जातात. त्यांच्या पगारातून पी. एफ. कापतात. हा पैसा जातो कुठे? आपण पाहू.

हातपाय चालतात तोवर पगार मिळतो. म्हातारपणी काय? मालक म्हणेल, "पुढे पेन्शन देईन." पण उद्या कारखानाच बंद पडला तर? नुसत्या शब्दाने चूल पेटत नाही. म्हणून कायदा सांगतो, पैसा दर महिन्याला बाजूला काढा. तो मालकाच्या तिजोरीत नको, सरकारी फंडात भरा.

फंडाचा कायदा 1952 साली झाला. आजची पेन्शन योजना 1995 साली आली.

हिशेब असा. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 10,000 रुपये धरू. शेकडा 12 प्रमाणे कामगाराचे 1,200 कापतात. मालकानेही 1,200 घालायचे. मालकाच्या पैशातले 833 पेन्शनला जातात, बाकीचे 367 पी. एफ.ला. पुढल्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरणा झाला पाहिजे. पगारातून कापून भरायचे नाही, हा गुन्हा आहे. ठेकेदाराने चुकवले, तर मूळ मालकाला भरावे लागते.

दहा वर्षे नोकरी भरली, की वयाच्या 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळते. मधेच पेन्शनचा पैसा काढला, तर मागली वर्षे धरत नाहीत. नोकरी बदलली तरी आपला बारा आकडी नंबर तोच ठेवावा.

बाबांनो, आता तुम्हाला वाचता येते. आम्ही एवढेच सांगतो, दर महिन्याला पासबुकातले आकडे स्वतः वाचा. एखादा महिना कोरा दिसला, तर लगेच विचारा.