जुना ट्रक घेतलात? आधी तेल बदला!

धंद्यासाठी जुना ट्रक घेतला की आपण नारळ फोडतो, हार घालतो. पण घरची शिल्लक गुंतलेली असते त्याच्या गिअरबॉक्समध्ये! आधीच्या मालकाकडे तेल बदलल्याचं बिल नसेल, तर ते बदललंच नाही असं समजावं.

मैत्रिणींनो, यजमानांबरोबर गॅरेजमध्ये एकदा जाच. गाडी थोडी फिरवून आणली की तेल पातळ होतं, गाळासकट निघतं. मिस्त्रीला आधी तेल भरायचा बोल्ट सैल करायला सांगा, मगच खालचा. वरचा अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. निघालेल्या तेलात थोडा बारीक चुरा असतोच. धातूचे तुकडे दिसले, तर मात्र गिअरबॉक्स उघडून बघायला हवा.

हातानं गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सला बहुधा वेगळा फिल्टर नसतो. बिलात लावला, तर विचारा! इंजिन ऑईल, डिझेल आणि हवा यांचे फिल्टर मात्र त्याच दिवशी बदलावेत. तेलाचा नंबर कंपनीच्या पुस्तकातलाच. जुनं तेल गटारात ओतू देऊ नका.

तारीख आणि किलोमीटर हिशोबाच्या वहीत लिहा. ट्रक उभा राहिला, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही!