डोंगर गुलाबी, म्हणून चित्रकार वेडा?

आंद्रे देराँचं ‘कोलियूरचे डोंगर’ हे १९०५ मधलं निसर्गचित्र पाहून बरेच जण एकच शेरा मारतात : हाताला आला तो रंग फासलाय. शेरा चुकीचा आहे, आणि ते चित्रातच दिसतं.

पुढची ऑलिव्हची झाडं हिरव्या-निळ्याच्या आखूड, सुट्या फटकाऱ्यांची आहेत, व्हॅन गॉगच्या वळणाची. मागचे डोंगर मात्र नारिंगी, गुलाबी, निळ्या रंगांच्या सपाट, वळणदार पट्ट्यांचे. ती गोगँची शिकवण. त्याच उन्हाळ्यात देराँ आणि त्याचा चित्रकार-मित्र मातीस यांनी गोगँचा मित्र मोनफ्रेद याच्याकडे गोगँची ताहितीतली चित्रं पाहिली होती. एकाच चित्रात दोन रीती जाणूनबुजून शेजारी ठेवणाऱ्याला बेफिकीर कसं म्हणायचं?

मग रंग असे भडक का? कोलियूर हे फ्रान्सच्या दक्षिण टोकाचं, स्पेनच्या हद्दीजवळचं बंदर. तिथल्या लख्ख उन्हात सावलीही काळी नसते, तिच्यातही उजेड असतो, अशा अर्थाचं देराँनं तिथून चित्रकार-मित्र व्लामिंकला लिहिलं. आता सावलीचा काळा वगळला, तर उठाव आणायचा कशानं? उष्ण रंगाशेजारी शीत रंग, निळ्याला नारिंगीची टक्कर. छायाप्रकाशाचं जुनं काम इथं रंगांच्या जोड्या करतात. डोंगर तसे दिसत होते, असा दावा देराँचाही नव्हता.

‘चित्र काढता येत नसलं की असं काढतात’ हा शेरा तर फारच स्वस्त. देराँ लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करत बसे. मातीस चित्रकार गुस्ताव्ह मोरोच्या हाताखाली शिकला होता.

देराँ, मातीस आणि त्यांच्या सोबत्यांच्या गटाला मिळालेलं ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र श्वापदं, हे नावही त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. १९०५ च्या पॅरिसमधल्या शरद प्रदर्शनात त्यांच्या भडक चित्रांमध्ये आल्बेर मार्कचं एक सौम्य, जुन्या इटालियन वळणाचं शिल्प होतं. समीक्षक लुई व्होसेलनं लिहिलं, दोनातेल्लो (जुना इटालियन शिल्पकार) श्वापदांत सापडलाय. आँरी रूसोचं काळविटावर झडप घालणाऱ्या सिंहाचं चित्रही त्याच प्रदर्शनात होतं, म्हणून काही जण नावाचं मूळ तिथं शोधतात. गोष्ट मजेची आहे, पण व्होसेलचा टोमणा शिल्पावरून सुचलेला आहे.

आणि हे सगळे व्यवहारापासून दूरचे बंडखोर? छे. चित्रकार मोनेच्या लंडन-चित्रांना मिळालेलं यश पाहून व्होलार या चित्रविक्रेत्यानं देराँला १९०६ मध्ये लंडनला धाडलं. त्यातून टेम्स नदी आणि तिच्यावरच्या पुलांची सुमारे तीस चित्रं झाली. बाजाराची गरज आणि उत्तम कला यांचं वाकडं असतंच असं नाही.

भडक रंगांचा हा बहर फार टिकलाही नाही. १९०८ पर्यंत गट पांगला, आणि देराँच्या चित्रांत तपकिरी-हिरवट रंग परतले. ‘कोलियूरचे डोंगर’ आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.